अर्धी टाकी

"दोर ढिला सोड! अरे, दोर ढिला सोड! गाडी आहे ती, बैल नाही!"

आधी मामाचा आवाज गॅरेजात शिरला, मग विटा वाहणारा एक ट्रॅक्टर, मग दोर, आणि सगळ्यांत शेवटी दोराला बांधलेला मामाचा डिझेल पिकअप. ट्रॅक्टरवाल्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणं हा त्याचा जोडधंदाच आहे, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला बसलेला प्रत्येक माणूस असाच ओरडत असतो. त्याने दोर सोडला, गुंडाळून सीटखाली टाकला आणि आला तसा निघून गेला.

मी हातातला पाना ठेवून बाहेर आलो. मामाशेजारी मामी बसली होती, नेहमीसारखी, मांडीवर एक कुंडी घेऊन. मागच्या हौद्यात बाकीच्या कुंड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. मामा-मामी रोपवाटिकेतून रोपं उचलतात आणि घरोघर, ऑफिसांत, दुकानांत पोचवतात. धडधाकट झाडं मागे, नाजूक रोपं मामीच्या मांडीवर. मी शाळेत होतो तेव्हापासून हे असंच चालत आलंय, फक्त आता मामाला खाली उतरताना दाराला धरावं लागतं.

"परत?" मी विचारलं.

"परत," मामा म्हणाला. "चढावर आचके दिले आणि गप्प बसली. या महिन्यात हे कितव्यांदा, ते विचारू नकोस."

"डिझेल होतं ना?"

हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण मामीने मान खाली घातली आणि मांडीवरच्या रोपाचं एक पिवळं पान खुडलं.

"होतं की! अर्धी टाकी होती," मामा जरा मोठ्यानेच म्हणाला. "हिनेच सकाळी वाजवून सांगितलं. काय गं?"

"सांगितलं खरं," मामी म्हणाली, आणि कुंडी घेऊन नळाकडे गेली.

वाजवून सांगितलं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. या गाडीची डिझेलची टाकी बाहेरच्या अंगाला आहे, मामीच्या दाराच्या मागे, हौद्याच्या खाली, दोन लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. समोर डॅशबोर्डवर डिझेलचा काटाही आहे, पण तो फार वर्षांपूर्वी अर्ध्यावर येऊन थांबला तो थांबलाच. टाकी भरा, रिकामी करा, गाडी चालू असो की बंद, काटा आपला अर्ध्यावर. "आमच्या घरात हा एकटाच समाधानी," असं मामा म्हणायचा. काटा दुरुस्त करायचं सोडून या दोघांनी स्वतःची पद्धत बसवली. सकाळी निघताना मामी टाकीजवळ वाकायची आणि बोटांच्या पेरांनी खालून वर टक टक वाजवत जायची. डिझेल असेल तिथवर आवाज बद्द येतो, त्याच्यावर पोकळ. आवाज बदलला की मामी थांबायची. मग मामा आतून विचारायचा, "किती?" आणि मामी सांगायची, पाव, अर्धी, नाहीतर पाऊण. पाव म्हणाली की मामा गाडी आधी पंपावर घ्यायचा.

तिचं सांगणं कधी चुकलेलं मला आठवत नाही. लहानपणी ती मलाही वाजवायला द्यायची. मला टाकी वरपासून खालपर्यंत सारखीच वाजायची. "कानात बोळे घातलेस का रे?" असं म्हणून ती माझा कान धरायची. पुढे मी मेकॅनिक झालो, इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायला लागलो, पण त्या टाकीने मला काही दाद दिली नाही.

मामेभावाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, मध्यंतरी फोनवर फार भुणभुण लावली होती. आईचं वय झालं, तिला कशाला गाडीत बसवून फिरवता, घरी आराम करू दे. मामीने मामाच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "मी घरी बसले तर टाकी कोण वाजवणार?" मामा हा किस्सा येईल त्याला सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टाकी उतरवायला घेतली. मामा हजर होता. मामाला गाडी चालवण्यातलं सगळं कळतं आणि दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, पण सल्ला द्यायला तो कधी मागे राहत नाही. पट्ट्यांचे बोल्ट मी आदल्या संध्याकाळीच तेलात भिजवून ठेवले होते. तरी एकही हलेना. डिझेलच्या टाकीपाशी आग नेऊन चालत नाही, म्हणून पुन्हा तेल, पुन्हा हातोडीची हलकी ठोक, पुन्हा पाना.

"उलटा फिरवतोयस," मामा म्हणाला.

"मामा, मी पोटासाठी हेच करतो."

"मी आपलं सांगितलं."

गंजाशी माझं जुनं वैर आहे. बाहेरून तो दिसतो तेवढाच असेल असं वाटतं आणि हात लावला की कळतं, हा आत केव्हाचा संसार थाटून बसलाय. बोल्ट फिरला नाही, पट्टाच तुटला. शिळ्या बिस्किटाचा पडावा तसा तुकडा माझ्या हातात पडला. दुसरा पट्टा तर वरच्या रंगानेच धरून ठेवला होता. हौद्यात एवढ्या कुंड्या, कुंड्यांना रोज पाणी, आणि ते पाणी झिरपून नेमकं पट्टा आणि टाकीच्या मधल्या फटीत साठायचं. ही टाकी रस्त्यात कुठे पडली नाही, हेच नशीब.

टाकी जॅकवर घेतली, खाली उतरवली आणि आतलं डिझेल कॅनमध्ये काढलं. बऱ्यापैकी निघालं. अर्ध्या टाकीला थोडंसंच कमी.

"बघ!" मामा एकदम खूश झाला. "बघ, मी म्हटलं ना, डिझेल होतं!"

"मग बंद का पडली?"

"ते तू सांगायचं. मी चहा आणतो."

तो कोपऱ्यावर चहा आणायला गेला आणि मी टाकीच्या डोक्यावरची तबकडी उघडली. या तबकडीला खाली दोन गोष्टी लटकलेल्या असतात. एक, तळापर्यंत जाणारा पाईप, ज्यातून इंजिन डिझेल ओढून घेतं. दुसरा फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा छोटा डबा, जो डॅशबोर्डवरचा काटा हलवतो. फ्लोटची दांडी गंजून दोऱ्याएवढी राहिली होती. आणि पाईपला बरोबर मध्यावर भोक पडलं होतं.

तिथेच सगळा उलगडा झाला. डिझेल भोकाच्या वर आहे तोवर गाडी खुशाल चालणार. पातळी भोकाच्या खाली गेली की इंजिन डिझेलच्या जागी हवा ओढणार आणि आचके देऊन बंद पडणार. टाकी अर्धी झाली, की गाडीपुरती ती संपली. मामीचं बरोबर होतं, गाडीचंच चुकत होतं.

मग मी बॅटरी घेऊन आत डोकावलो. तळाला गंजाचा लालसर गाळ होता, आणि त्या गाळात एक काठी आडवी पडली होती.

तारेचा आकडा करून मी ती बाहेर काढली. रोपाला आधाराला लावतात तसली बारीक काठी होती, डिझेल पिऊन काळी पडलेली. तिच्यावर चाकूने खुणा कोरल्या होत्या. खाली एक, मध्ये एक, वर एक. पाव, अर्धी, पाऊण.

मामा दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन दारात उभा होता.

"सापडली होय," तो म्हणाला. "हातातून सुटली परवा. मी काढायला बघितली, निघेना."

"मामा, ही काय भानगड आहे? मामी वाजवते ना टाकी?"

त्याने कप बाकावर ठेवले आणि एकदा रस्त्याकडे बघून घेतलं. मामी घरी होती, तरी बघितलं.

"तिला ऐकू येत नाही रे," तो म्हणाला.

मी काठी बाकावर ठेवली.

"वर्ष झालं असेल. रोज सकाळी वाकते, वाजवते आणि अर्धी म्हणते. आदल्या दिवशी संध्याकाळी मी टाकी गच्च भरून आणलेली असली, तरी सकाळी अर्धी! मग काय करणार? ती आत आवरत असली की मी काठी घालून बघून घेतो. कमी असली तर पंपावर जायचं, चाकात हवा भरायचं निमित्त करून. तिला वाटत असेल, जगात सगळ्यांत जास्त हवा आमच्याच चाकांना लागते."

"तिला विचारलं नाहीत?"

"ती सांगत नाही, तर मी कसा विचारू? ती माझ्या ओठांकडे बघते आणि मी ओरडून बोलतो. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारपणी यांचं जमेनासं झालं." मामा हसला, पण चहाला त्याने हात लावला नाही.

"मग त्यात काय अवघड आहे?" मी म्हटलं. "हा पाईप बदलायचाच आहे. पाईप आणि फ्लोट एकाच तबकडीला जोडून येतात. काटा चालू करून देतो. काठी नको, वाजवणं नको."

"काटा नको."

"अहो, पण…"

"काटा नको म्हटलं ना! काटा चालला की ती म्हणणार, आता माझं काय काम? आणि घरी बसणार. पोरगा टपलेलाच आहे. मग रोपं कुणाच्या मांडीवर ठेवू मी?"

"रोपांचं निमित्त मला सांगू नका."

"बरं, नाही सांगत," मामा म्हणाला. "मला करमत नाही तिच्याशिवाय. झालं समाधान? बाजूची सीट रिकामी ठेवून मला गाडी चालवता येत नाही. गाडी बंद पडलेली परवडली." मग त्याने कप उचलला. "आणि तिला यातलं काही बोलायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. त्याच्या तोंडाकडे बघून दुसरं काही देताच आलं नसतं.

दुपारी मामा जुन्या सामानाच्या बाजारात पट्टे आणि पाईप शोधायला गेला. तो गेला आणि पाठोपाठ मामी डबा घेऊन आली. डबा मामाचा होता आणि मामा नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण बाजारात जायला तिनेच त्याला पिशवी दिली होती. ती बाकावर बसली. माझ्या मुलांची चौकशी केली, छपराच्या पत्र्यातून पाणी गळतं का विचारलं, माझा शर्ट किती मळलाय ते सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नाही, त्यामुळे ते तिला नीट जमतही नव्हतं. आज मला दिसलं, की मी बोलायला लागलो की तिची नजर माझ्या तोंडावर येऊन बसते.

"चूक माझीच होती," ती अचानक म्हणाली. "डिझेल संपलेलं होतं. मी अर्धी म्हटलं आणि हे त्या भरवशावर निघाले. चढावर गाडी थांबली, मागे रांग लागली, लोक काय काय बोलले ह्यांना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो. "मामी, डिझेल होतं. अर्धी टाकी होती."

"माझी समजूत नको काढूस."

मी कॅन उचलून दाखवला. मग गंजलेला पाईप तिच्या हातात दिला आणि ते भोक दाखवलं. तिने पाईप फिरवून बघितला, भोकावर बोट ठेवलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"म्हणजे मी बरोबर बोलले?"

"अगदी बरोबर."

त्यावर ती एवढी हसायला लागली, की तिला पदराने डोळे पुसावे लागले. "बरोबर कसलं रे! मी रोज अर्धीच म्हणते. टाकीचा आवाज आता मला वरखाली सारखाच येतो, म्हणजे येतच नाही. तू लहानपणी करायचास तसंच. कानात बोळे! मग मी विचार केला, तो काटा एवढी वर्षं अर्ध्यावर आहे आणि त्याचं कुणी वाकडं केलं नाही. तर मीही अर्ध्यावरच राहीन."

मलाही हसू आलं. हसताहसता गलबलूनही आलं.

"मशीन मिळतं मामी कानाला लावायला. छोटंसं असतं."

"माहीत आहे. मुलाकडे गेले होते तेव्हा डॉक्टरांना दाखवून आले. लावा म्हणाले. पण लावलं की ह्यांना दिसणार ना! ह्यांचं ठरलंय, ज्या दिवशी तुला जमणार नाही, त्या दिवशी गाडी विकायची. कितीदा बोलून दाखवलंय. आणि गाडी विकून हे काय करणार? सकाळी उठून कुठे जाणार? चार दिवसांत खचतील. मला ते बघायचं नाही." तिने पाईप माझ्या हातात परत दिला. "तू काटा चालू कर. मी येताजाता खिडकीतून बघेन आणि मग टाकी वाजवेन. ह्यांना काय कळतंय? फक्त ह्यांना सांगू नकोस. दे शब्द."

मी तिलाही शब्द दिला.

संध्याकाळी हात धुताना मी स्वतःलाच शिव्या घातल्या. एकाला काटा नको, एकीला हवा, दोघांना सांगायचं काहीच नाही, आणि मध्ये मी. दोघांना समोरासमोर बसवून सगळं बोलून टाकावं असं एकदा मनात आलं. पण इतकी वर्षं ज्यांनी एकमेकांची झाकली मूठ सांभाळली, ती उघडणारा मी कोण? मला फक्त गाडी दुरुस्त करायला सांगितलं होतं.

मग मी गाडीच दुरुस्त केली. टाकीत थोडं डिझेल आणि हातभर साखळी घातली, तोंड बंद केलं, आणि मी आणि मामा टाकी अंगणात इकडून तिकडे लोळवत राहिलो, म्हणजे साखळी आतला गंज खरवडून काढते. कान किटतील असा खडखडाट झाला. मामाला त्यात फार मजा आली. दमला तरी सोडेना. गाळ ओतून टाकला, पुन्हा धुतलं, पुन्हा लोळवलं. टाकीचा पत्रा जाड होता, त्याला काही झालं नव्हतं. बाहेरून घासून गंजरोधक रंग दिला. बाजारातून मामाने चांगले दणकट पट्टे आणले होते. त्यांच्याखाली मी रबराची पट्टी घातली, म्हणजे पाणी साठणार नाही. नवा पाईप, नव्या नळ्या, नवे बोल्ट.

"ही वायर कसली?" मामाने विचारलं.

"तबकडीबरोबर आलीये."

"लावणार नाहीस ना?"

मी बोल्ट आवळत होतो आणि बोल्ट आवळताना मला बोलता येत नाही, असं मी ठरवलं.

तो घरी गेल्यावर मी डॅशबोर्ड उघडला, अर्ध्यावर अडकलेला जुना काटा काढला, दुसरा बसवला आणि वायर जोडली. का जोडली? मेकॅनिक म्हणून सांगायचं तर गाडीला काटा असावा. भाचा म्हणून सांगायचं तर चढावर ती दोघं पुन्हा अडकून पडावीत, हे मला नको होतं. मामाला दिलेला शब्द मी मोडला नव्हता. तो मामीला काही न सांगण्याचा होता.

सकाळी मामा लवकर आला. कॅनमधलं डिझेल आम्ही टाकीत ओतलं, वर त्याने आणलेलं ओतलं.

"पाऊण झाली," मामा म्हणाला. "आता ती अर्धी म्हणेल. म्हणू दे."

ती काळी पडलेली काठी मी त्याला परत दिली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने ती बाकाजवळच्या एका कुंडीत, वाकलेल्या रोपाला आधार म्हणून खुपसली आणि सुतळीने बांधून टाकली.

तेवढ्यात मामी आली. केस नीट बसवलेले, स्वच्छ साडी, जणू गाडी नव्याने घ्यायला निघालीये. तिने ती कुंडी उचलली, वास घेतला आणि नाक मुरडलं.

"या काठीला डिझेलचा वास येतोय."

"आपल्या सगळ्यालाच येतो," मामा मोठ्याने म्हणाला, आणि दाराला धरून आपल्या सीटवर चढला.

बसल्याबसल्या त्याचं लक्ष काट्याकडे गेलं. गाडी बंद होती, त्यामुळे काटा खाली, शून्यावर पडलेला होता. मामाने खिडकीतून माझ्याकडे बघून हळूच डोळे मिचकावले. त्याला वाटलं, मी काटा कायमचा झोपवला. मला हायसं वाटलं. पण ते क्षणभरच, कारण मामी तिच्या बाजूने खिडकीपाशी आली होती आणि आत वाकून तोच काटा बघत होती.

चालू काटा या दोघांनी किती वर्षांत बघितलाच नव्हता. यांचा काटा गाडी चालू असताना अर्ध्यावर आणि बंद असतानाही अर्ध्यावर. किल्ली फिरवल्याशिवाय काटा उठत नाही, ही साधी गोष्ट मामी विसरून गेली होती, आणि तिला सांगायचं मला सुचलं नव्हतं.

तिने काटा बघितला. मग टाकीकडे बघितलं. आम्ही कॅन ओततानाची ओल अजून टाकीच्या तोंडाशी होती, ती तिला दिसत होती. मग पुन्हा काटा. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि परीक्षेत ऐनवेळी काही आठवेनासं झालेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला. ती टाकीपाशी गेली, वाकली, हात उचलला, पण वाजवेना. काय वाजवायचं आणि काय सांगायचं, तिला काहीच कळत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मामी, पाऊण! पण मामा समोर बसला होता.

मामाने "किती?" विचारलं नाही. तो आरशातून तिच्याकडे बघत होता. तिची नजर काट्यावर गेली होती, ते त्याने बघितलं होतं. आता ती पुन्हा खिडकीशी आली, पुन्हा काट्याकडे बघून गेली, तेही त्याने बघितलं. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. मामाला दुरुस्तीतलं काही कळत नाही, पण बाकीचं सगळं कळतं.

त्याने किल्ली अर्धी फिरवली.

लाल दिवा लागला. काटा थरथरला आणि सावकाश वर यायला लागला. पाव. मग अर्धी. अर्ध्यावर आला तेव्हा मामा पुढे वाकला, कारण त्याच्या आयुष्यात काटा इथेच थांबत आला होता. तो थांबला नाही. सावकाश पुढे सरकला आणि पाऊणवर जाऊन स्थिर झाला.

मामाने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. मग त्याने मान वळवली आणि आपल्या बाजूच्या खिडकीतून माझ्या गॅरेजच्या भिंतीकडे बघत बसला. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नाही, एक जुना टायर टांगलाय. मामी खिडकीशी येऊन आत बघून परत जाईपर्यंत तो त्या टायरकडे बघत होता. मग त्याने दाराच्या पत्र्यावर जोरात थाप मारली.

"काय गं, किती?"

मामी वाकली. बोटांच्या पेरांनी खालून वर वाजवत गेली, घाई न करता, आणि बरोबर जागेवर थांबली.

"पाऊण!" ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने, की शेजारचा पंक्चरवाला बाहेर येऊन बघून गेला.

"पाऊण," मामा म्हणाला. "बस मग. उशीर झाला."

ती कुंडी घेऊन चढली, कुंडी मांडीवर ठेवली, काठी नीट सरळ केली, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. मी हात हलवला. दोघांनीही हलवला. मी पाने गोळा करायला लागलो आणि लक्षात आलं, की मी एकटाच हसतोय.

त्यानंतर मामेभाऊ एकदा येऊन आईला मशीन लावून गेला. ती ते घरी लावते, टीव्ही बघताना. गाडीत घेत नाही. घामाने खराब होईल म्हणते.

कधी सकाळी माझं त्यांच्या गल्लीत काम असलं, तर मी जरा लांब थांबून बघतो. कुंड्या चढवून झालेल्या असतात. मामा सीटवर बसतो, किल्ली अर्धी फिरवतो, आणि पलीकडच्या खिडकीतून रस्त्याकडे बघत राहतो. मामीला खिडकीपर्यंत यायला आता वेळ लागतो, वाकायला त्याहून जास्त. तो मान वळवत नाही. सगळं नीट होऊ देतो, आणि मगच दारावर थाप मारून विचारतो, "किती?"